कानवाटीची झाकणी

माणिकबाईच्या घरी ती वस्तू आली तेव्हा तिला नाव नव्हतं. आणि नाव नसलेल्या वस्तूचे आपल्याकडे जे हाल होतात, ते तिचेही झाले.

तेव्हा कुठल्याशा दूरच्या मुलखात लढाई जुंपली होती. तिथला कापूस अडला, विलायतेतल्या गिरण्यांचा घसा कोरडा पडला आणि ज्यांनी वऱ्हाडचं नाव कधी ऐकलं नव्हतं असे साहेब इथल्या काळ्या मातीत तंबू ठोकून बसले. त्यातल्या एकाचा तंबू नांदगाव खंडेश्वराच्या पलीकडच्या एका गावात, चिंचेखाली, काही दिवस पडला होता. माणिकबाईची सासू पार्बताबाई हिनं त्याला रोज गाडगंभर दही पाठवलं. आलेल्या माणसाला उपाशी ठेवायचं नाही, मग तो गोरा असो नाहीतर काळा, ही तिची रीत. जाताना साहेबानं दह्याची परतफेड म्हणून आपल्या सामानातली एक जोडी दिली. पांढरीशुभ्र वाटी, तिच्यावर निळी वेल, एका बाजूला कान, आणि सोबत त्याच वेलीची एक खोलगट लहानशी थाळी.

ओसरीवर ती जोडी मध्ये ठेवून सगळे भोवती बसले. पार्बताबाईनं नखानं टिचकी मारून पाहिली.

"माती हाये," ती म्हणाली. "चिनी असो का देशी, माती ते माती. अन् साहेबानं याले तोंड लावलेलं म्या सोता पाह्यलं."

इथंच निकाल लागला. पितळेच्या भांड्याला कुणी तोंड लावलं तर राखेनं घासून ते घरात घेता येतं. मातीचं भांडं एकदा उष्टं झालं की झालंच, ते उकिरड्यावर. पण पाहुण्यानं प्रेमानं दिलेली वस्तू उकिरड्यावर टाकायची तरी कशी? तेव्हा मधला मार्ग निघाला आणि जोडीची रवानगी गोठ्यात झाली.

माणिकबाईचा धाकटा दीर खुशालराव याला वाटीच्या कानाचं फार नवल वाटलं. "कान कावून केला असन बाप्पा? वाटी आयकते का काय?" असं विचारून तो स्वतःच पोट धरून हसला. तेव्हापासून सगळे तिला कानवाटी म्हणायला लागले. थाळीबद्दल मात्र कुणाला शंका आली नाही. ती पालथी घातली की वाटीच्या तोंडावर नीट बसायची, म्हणजे ती झाकणी. ज्या घरात दूध, दही, तूप सगळ्यांवर काही ना काही झाकलेलं असतं, वेचणीच्या दिवसांत कापसाचं तूस उडून ताकातसुद्धा पडतं, त्या घरात भांड्याच्या खाली थाळी कोण ठेवील? खाली ठेवायला भुई असते की.

गोठ्यात कानवाटीनं पुष्कळ संसार केला. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायचं तेल तिच्यात असायचं. वासरू आजारी पडलं की ओव्याचा काढा तिच्यातूनच पाजायचे, आणि तेव्हा त्या कानाचा खरा उपयोग कळायचा, कारण वासरानं मुंडी हलवली तरी पकड सुटायची नाही. शेवटी माणिकबाईनं ती आपल्याकडे घेतली, पण जागा गोठ्यातलीच राहिली. वावरातल्या सगळ्यात टपोऱ्या बोंडांची सरकी ती निवडून तिच्यात ठेवायची आणि वर झाकणी घालायची. उंदरांना चिनी माती काही कुरतडता आली नाही.

आता माणिकबाईबद्दल सांगायला हवं. तिचा नवरा चंद्रभान तापानं गेला. नदीकाठचं वावर त्याच्या वाट्याचं होतं. माणसं म्हणाली, दीर वाहील, तू दोन घास खा आणि गप्प बस. ती गप्प बसली नाही. ती पहाटे वावरात जायची, पण दहिवर उडाल्याशिवाय बोंडाला हात लावू द्यायची नाही. वेचणाऱ्या बायांच्या कमरेला दोन ओट्या बांधायची, एक पांढऱ्या कापसाची आणि एक डागी कापसाची. पालापाचोळा ओटीत सापडला तर ती जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिचा कापूस मूठभर घेतला तर हाताला नुसती ऊब लागायची.

आणि हा कापूस जायचा कुठं? खुशालरावाच्या ढिगात. खुशालराव वाईट नव्हता, पण तेजीनं शहाण्यासुरत्या माणसांचीही डोकी फिरवली होती. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवायच्या तर कापसाचं वजन वाढायला हवं, म्हणून गाडी भरायच्या आदल्या संध्याकाळी तो ढिगावर पाणी शिंपडायचा. मग वरून वहिनीचा पांढरा कापूस पसरायचा. वरचा माल पाहून गिऱ्हाईक भुलायचं. एकाच गाडीतून दोघांचा माल अमरावतीला जायचा, आणि तिथं काय भाव मिळाला असं माणिकबाईनं विचारलं की तो मिशीला हात लावून म्हणायचा, "रुमालाखालचं कोनी सांगत नसते, वयनी."

हा रुमाल म्हणजे त्या बाजाराची रीत. भाव तोंडानं बोलायचा नाही. विकणारा आणि घेणारा एकमेकांचे हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून बोलतात. धरलेल्या बोटांवरून भाव कळतो, हाताला झटका दिला की नकार. बाजूला उभ्या असलेल्या दहा माणसांना काही कळत नाही. रीत चांगलीच होती, फक्त तिच्यात बाईला जागा नव्हती. परक्या पुरुषाच्या हातात हात घालून, वर रुमाल टाकून भरबाजारात उभं राहायचं कोणत्या बाईनं?

त्या वर्षी वेचणी संपली आणि माणिकबाईनं ओसरीवर सांगून टाकलं, "यंदा माहा कापूस येगळ्या गाडीत जाईन. मीच इकीन."

खुशालराव सुपारी कातरत होता. "इक नं. कोन नाई म्हन्ते? पन रुमालाखाली हात कोन घालन? तू?"

त्यानं आईकडं पाहिलं. पार्बताबाई वाती वळत होती. तिनं आयुष्यभर आलेलं पीक आधी नवऱ्याच्या आणि मग मुलांच्या हवाली केलं होतं. भाव तिला कधी कुणी सांगितला नव्हता, आणि तिनं विचारलाही नव्हता.

"आयक माणिक," ती म्हणाली. "पिकवता तं गायीगुरालेबी येते, नांगराले जुपलं का झालं. इकता आलं पायजे. यंदा तू इकून दाखव, मंग ते वावर तुह्यं, जलमभर कोनी मंधात येनार नाई. नाई इकता आलं, तं ह्या हंगामापासून खुशाल वाहीन. मंग रडाचं नाई."

"नाई रडनार," माणिकबाई म्हणाली. पण त्या रात्री ती एकच हिशेब पुन्हा पुन्हा मांडत राहिली. ते वावर गेलं तर तिच्यापाशी काय उरणार होतं? दिराच्या घरची भाकर, आणि ती वाढणाऱ्याचा चेहरा. चंद्रभान गेल्यावर ती वावराच्या त्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून रडली होती, आणि मग त्याच धुऱ्यावरून उठून कामाला लागली होती. वावर तिला नवऱ्याच्या जागी नव्हतं, असली बोलणी माणसं उगाच करतात. वावर तिच्या स्वतःच्या जागी होतं.

दोन गाड्या निघाल्या. पुढची खुशालरावाची, मागची माणिकबाईची. मागच्या गाडीवर घरचा जुना गडी पुंजाराम, कापसाच्या बोज्यांवर माणिकबाई आणि निकाल द्यायचा म्हणून सोबत आलेली पार्बताबाई. माणिकबाईच्या मांडीवर कानवाटी होती, आत निवडलेली सरकी, वर झाकणी. गिऱ्हाइकाला दाखवायची, की माझा कापूस असल्या बियाणाचा आहे. सासूनं कानवाटीकडं पाहिलं आणि लुगडं सावरून थोडी लांब बसली.

अमरावतीचा कापसाचा बाजार त्या दिवसांत ज्यानं पाहिला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. गाड्यांना गाड्या भिडलेल्या, बैलांना मान वळवायला जागा नाही आणि वरून रुईचं तूस असं उडत होतं की माणसांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मारवाडी, कच्छी, भाटिये, पारशी, मुंबईच्या पेढ्यांची माणसं, सगळे घाईत. जागोजागी दोन माणसं हातात हात घालून उभी, वर रुमाल, आणि दोघांचे चेहरे दगडाचे. खुशालरावाची गाडी लागली तशी उठली. त्याचा हात रुमालाखाली गेला, बाहेर आला आणि तो हसत हसत वहिनीची फजिती बघायला येऊन बसला.

माणिकबाईच्या गाडीपाशी पहिला आला तो एक लठ्ठ अडत्या. त्यानं कापूस चिमटीत धरून ओढला, नाकाशी नेला, आणि त्याचे डोळे चमकले. रुमाल काढून त्यानं विचारलं, "मालक कुठं आहे?"

"मीच हाये."

त्यानं रुमाल पुन्हा खांद्यावर टाकला. "बाई, घरच्या माणसाला बोलवा."

"तोंडानं सांगा नं भाव. मी आयकते."

अडत्या दचकलाच. भाव तोंडानं सांगायचा म्हणजे भोवतीच्या सगळ्यांना आपली मूठ उघडून दाखवायची. तो मान हलवत पुढं गेला. दुसरा आला, त्याचंही तेच. तिसऱ्यानं तर चालता चालताच, बायकांनी बाजारात यायचे दिवस आले म्हणून कलियुगाला नावं ठेवली. कलियुग बिचारं सगळ्यांच्याच उपयोगी पडतं.

ऊन चढलं. आजूबाजूच्या गाड्या रिकाम्या होऊन निघून गेल्या. चांगल्यात चांगला माल घेऊन माणिकबाई तशीच उभी होती आणि आडमाप ओला कापूस विकून मोकळी झालेली माणसं तिच्याकडं बघून हसत होती. तिला संताप आला होता, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायला लागली होती.

"वयनी, दे मले," खुशालराव म्हणाला. "एका रुमालात काम होते. घरची इज्जत कायले बाजारात मांडून राह्यली?"

"बसा तिथंच, भाऊजी."

"माय, तूच सांग वं तिले."

पार्बताबाईनं सुनेकडं पाहिलं. "दिवस मावळाले लय वेळ हाये आजून," ती म्हणाली. तेवढंच.

तेवढ्यात गर्दी हलली आणि एक गोरा साहेब आला. अकोल्याचा बाजार आटोपून तो कालच अमरावतीत उतरला होता. सोबत त्याचा दुभाषी मोरोपंत, डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणं आणि चेहऱ्यावर सगळ्या वऱ्हाडाचा कंटाळा. साहेबानं बाही वर सारली आणि बोज्यात पार कोपरापर्यंत हात खुपसला. वरचा माल चांगला आणि आत पाणी, ही खोड त्याला आता ठाऊक झाली होती. तळातली मूठ बाहेर निघाली ती कोरडी, पांढरी, पाल्याचा कणसुद्धा नसलेली. त्यानं दुसऱ्या बोज्यात हात घातला, मग तिसऱ्या. मग त्याची नजर माणिकबाईच्या हातातल्या वस्तूवर गेली आणि तो मोठमोठ्यानं हसायला लागला. चिंचेखालच्या तंबूतलं दही आठवलं असावं. तो मोरोपंतांना काहीतरी म्हणाला.

"साहेब म्हणतात, जोडी त्यांचीच आहे, पण बशी तुम्ही वर ठेवली," मोरोपंतांनी सांगितलं. "बाई, बशी खाली असते."

"तुमच्याकडं असन. माह्याकडं वरच असते."

"अहो, हा टीकप आहे. चहा पिण्याचं पात्र. याला दुसरा उपयोग नाही."

"चहा मंजे?"

"पाला उकळून करतात. एक प्रकारचा काढा."

"साहेब बिमार हाये का?"

"छे छे. रोज पितात. सकाळ-संध्याकाळ."

"मंग रोजच बिमार असन बिचारा," पार्बताबाई गाडीवरून कळवळून म्हणाली, आणि भोवतीची माणसं खदखदा हसली.

मोरोपंतांची पगडी जराशी हलली. "ज्यात चहा घेतात तो टीकप, एवढं लक्षात ठेवा. मग सांगा, तुमच्या या टीकपात चहा नाही तर काय आहे?"

"वळखा," माणिकबाई म्हणाली.

माणसांना तेवढंच हवं होतं. कुणी म्हणालं कुंकू, कुणी म्हणालं तपकीर, खुशालराव म्हणाला बैलाचं औषध असेल. सकाळचा तो लठ्ठ अडत्याही मान उंचावून बघत होता. झाकणी दिसत होती, झाकणीवरची निळी वेल दिसत होती, पण आत काय आहे ते एकालाही सांगता येईना.

आणि माणिकबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रुमालाखालचं कुणाला दिसत नाही म्हणून रुमाल. मग झाकणीखालचं तरी कुणाला दिसतंय?

तिनं पदर खोचला. "पंत, साहेबाले सांगा. भाव हितंच होईन, आत्ताच होईन, अन् कोनाचा हात कोनाले लागनार नाई." तिनं झाकणी काढली, सगळी सरकी ओंजळीत घेतली आणि लोकांना रिकामी कानवाटी दाखवली. "कालचा बाजारभाव साऱ्याइले ठाऊक हाये. त्याच्यावर एका रुपयाले एक सरकी. पाठ फिरवा, आत टाका, झाकणी घाला, मले द्या. मी पाह्यीन अन् माही सरकी टाकून वापस देईन. झाकणी पालथी असली तं बोलनं चालू. उलथी, मंजे तोंड वर करून, ठेवून देली तं सौदा झाला."

मोरोपंतांनी साहेबाला सांगितलं. सांगता सांगता त्यांच्या आवाजातला कंटाळा कुठं गेला ते त्यांनाही कळलं नाही. साहेबानं भुवया उंचावल्या, सरकीची मूठ घेतली आणि बाजाराकडं पाठ करून उभा राहिला.

कानवाटी परत आली. माणिकबाईनं बैलाच्या आडोशाला जाऊन झाकणी उचलली. आत होता तो भाव ऐकून कुणी घर सोडून बाजाराला येणार नाही. तिनं ती सरकी काढून बैलापुढं टाकली, स्वतःची टाकली आणि झाकणी पालथी घालून वाटी परत पाठवली. बैलानं सरकी खाल्ली तेव्हा माणसं हसली. साहेब काय बोलला ते त्यांना कळलं नाही, पण बाईला पटलं नाही एवढं कळलं.

असं एकदा झालं, दोनदा झालं, आणि मग मजा झाली. साहेब हलत नाही म्हणजे मालात काहीतरी आहे, हे ओळखायला बाजाराला वेळ लागत नाही. ज्यानं कलियुगाला नावं ठेवली होती तो मारवाडी खाकरला. "बाई, जरा इकडंही येऊ द्या ती वाटी." त्याच्यामागून लठ्ठ अडत्या. "अहो, सकाळी पहिला मी आलो होतो!"

"आले होते नं," माणिकबाई म्हणाली. "मंग गेले कावून?"

पण तिनं वाटी दिली. सगळ्यांना दिली. पुंजाराम ती दोन्ही हातांनी देवाच्या पालखीसारखी धरून एकाकडून दुसऱ्याकडं नेत होता, आणि नेताना डोळे मिटून घेत होता, न जाणो झाकणी सरकली तर. प्रत्येक जण पाठ फिरवायचा, खुडबुड करायचा, झाकायचा. माणिकबाई बैलाआड जायची, परत यायची. तिचा चेहरा पाहून कुणालाही काही कळेना. कुणी विचारलं, मारवाडी चढला का? तर ती बैलाची मान खाजवायची. रुमाल टाकणाऱ्यांचे चेहरे सकाळपासून तिनं पाहिले होते, ते काही फुकट गेलं नव्हतं.

खुशालराव उठून उभा राहिला होता. त्याची सुपारी तोंडात तशीच होती.

अडत्या गळाला. मारवाड्यानं दोनदा वाटी उघडून बंद केली, कपाळाचा घाम पुसला आणि हात जोडले. मग साहेबाची पाळी आली. त्यानं पुन्हा एकदा बोज्यात हात घातला, तळातली मूठ उन्हात धरून पाहिली आणि पाठ फिरवली. या वेळी खुडबुड बराच वेळ चालली.

माणिकबाईनं बैलाआड झाकणी उचलली. तिनं मनात धरलं होतं त्याहून ते जास्त होतं. बरंच जास्त. तिला ओरडावंसं वाटलं, नाचावंसंही वाटलं. तिनं बैलाच्या वशिंडावर कपाळ टेकलं आणि तिथंच सगळं हसून घेतलं. बैल सोडून ते हसू कुणी पाहिलं नाही. मग ती बाहेर आली, कानवाटी गाडीच्या साटीवर ठेवली आणि सगळ्यांच्या देखत झाकणी उलथी केली.

बाजारात जो गलका झाला तो पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेला म्हणतात. पुंजारामनं बैलाला मिठी मारली. कलियुगवाला मारवाडीसुद्धा "वाह बाई, वाह" म्हणाला. मोरोपंतांनी पगडी नीट केली आणि जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, बशी वर ठेवण्याचा उपयोग आम्हाला ठाऊक नव्हता."

खुशालराव पुढं आला. त्याच्याच्यानं राहवेना. "वयनी, कितीत गेला वं?"

माणिकबाईनं सावकाश कानवाटी पुसली, सरकी आत भरली आणि झाकणी पालथी घातली.

"झाकणीखालचं कोनी सांगत नसते, भाऊजी."

त्याला आधी राग आला, मग हसू आलं, आणि हसू जिंकलं. माणूस वाईट नव्हता असं मी म्हटलंच आहे.

साहेब इतका खूश झाला होता की त्यानं तिथंच खुर्ची मांडून आपला तो काढा मागवला. काढा आला, बशी खाली ठेवलेली. तो एक घोट घेतो न घेतो तोच रुईचं तूस येऊन आत पडलं. त्यानं ते बोटानं काढलं. दुसरं पडलं. त्यानं माणिकबाईकडं पाहिलं, खालची बशी काढली आणि मुकाट्यानं कपावर पालथी घातली. पार्बताबाईनं गाडीवरून मान डोलावली. "शिकन," ती म्हणाली. "हळूहळू शिकन."

पुढच्या बाजाराला चार-दोन बाया आपापल्या गाड्यांवर बसून आल्या. कुणाच्या मांडीवर झाकणाची पितळी वाटी होती, कुणाच्या मांडीवर वर वाटी पालथी घातलेलं पंचपात्र. अडते कुरकुरले आणि पाठ फिरवून सरकी टाकू लागले. चांगला माल दिसला की रीतीला वाकायला येतं.

घरी परतल्यावर माणिकबाई सवयीनं कानवाटी घेऊन गोठ्याकडं निघाली. पार्बताबाईनं तिला उंबऱ्यातूनच हाक मारली.

"तिकडं कुठी चालली वं?"

"ठेवून येते, आत्याबाई."

म्हातारी खाली उतरली. त्या पहिल्या टिचकीनंतर जिला तिनं कधी बोट लावलं नव्हतं, ती कानवाटी तिनं सुनेच्या हातातून घेतली. राखेनं घासून माती शुद्ध होत नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं ती घासली नाही. तशीच उंबऱ्याच्या आत नेली आणि आपल्या स्वतःच्या फडताळात, तुपाच्या भांड्याशेजारी ठेवली.

पेरणीचे दिवस आले. सकाळी माणिकबाई वावरात निघाली तेव्हा पार्बताबाई दारात उभी होती. तिच्या हातात कानवाटी होती, निवडलेल्या सरकीनं काठोकाठ भरलेली, वर झाकणी. तिनं ती दोन्ही हातांनी पुढं केली, झाकणी उलथी करून.

"घे," ती म्हणाली. "तुह्यं वावर पेरून ये."